हे चित्र कोणी काढले?

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो तो हातखंब्याचा तिठा आपल्यापैकी अनेक जुन्या कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. एस. टी. ची वाट पाहत, पिशवीतली पत्रके मोजत येथे किती तास गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. या तिठ्यापासून आत असलेल्या एका वाडीच्या शाळेत गेल्या पावसाळ्यात आम्ही काही मंडळी पुस्तकांची पेटी घेऊन गेलो होतो. मुलांनी पुस्तकांवर झडप घातली. चौथीतील एक मुलगी मात्र एकाच पुस्तकाचे एकच पान उघडून बसली होती. पानावर पावसातले घर होते. चिऱ्याच्या पायऱ्या, अंगणातला गडगा, आणि पडवीत बसून पावसाकडे पाहणारे एक लहान मूल. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि विचारले, "काका, ह्यां चित्र कोनी काढलान?"

मी पुस्तक हातात घेतले. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव होते. आतल्या पानावर प्रकाशकाचे नाव व पत्ता होता, अक्षरजुळणी करणाऱ्याचे नाव होते, छापखान्याचे नाव होते, किंमत होती. चित्रकाराचे नाव कोठेही नव्हते. सोळा पानांच्या त्या पुस्तकात मजकूर मोजून दोन पानांचा भरला असता. उरलेली चौदा पाने चित्रांची होती. ज्याने पुस्तकाचा सात अष्टमांश भाग निर्माण केला, त्याचा त्या पुस्तकात मागमूस नव्हता. मुलीला मी काय उत्तर देणार? "माहीत नाही," असे म्हणालो. तिला ते पटले नाही, आणि मलाही नाही.

श्रम करणारा माणूस आणि त्याच्या श्रमाचे फळ यांची ताटातूट कशी होते, हे आपण अभ्यासवर्गांतून वर्षानुवर्षे शिकवीत आलो. उदाहरणे नेहमी गिरणीची, खाणीची, फार तर हातमागाची. परंतु आपल्याच मुलांच्या हातातील पुस्तकात हीच ताटातूट घडत असते, आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. बालपुस्तकाचा चित्रकार हा कलावंत असल्यामुळे तो श्रमिक नव्हे, अशी आपली एक भोळी समजूत आहे. वस्तुतः तो घरी बसून, नगावर मजुरी घेऊन काम करणारा कारागीर आहे. विडी वळणाऱ्या बाईला निदान किती विड्यांना किती पैसे हे माहीत असते. चित्रकाराला पुष्कळदा तेही काम संपल्यावर कळते.

मराठीत या कामाची परंपरा लहान नाही. गोमंतकातून आलेले दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांनी मराठी घरांतील दोन-तीन पिढ्यांची नजर घडवली. शि. द. फडणीस यांनी १९७० च्या दशकात बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत हसरी चित्रे काढली. गणित म्हणजे भीती, असे समीकरण ज्या देशात घट्ट बसलेले आहे तेथे बेरीज-वजाबाकीच्या पानावर हसू उमटवणे हे लहानसहान शैक्षणिक कार्य नव्हे. बालभारतीची स्थापना १९६७ साली झाली आणि तिचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले. शासनाच्या या एका मासिकाने कितीतरी चित्रकारांना नियमित काम दिले आणि खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत त्यांची चित्रे पोहोचवली. माधुरी पुरंदरे यांनी तर 'वाचू आनंदे' आणि 'राधाचं घर' यांसारख्या पुस्तकांतून चित्र हे मजकुराचे शेपूट नसून ते स्वतःच वाचायचे असते, हे मराठी पालकांना शिकवले.

ही नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु अभिमानाच्या पलीकडे जाऊन एक रोकडा प्रश्न विचारला पाहिजे : ही माणसे जगली कशी? त्याचे उत्तर शोधू गेल्यास बालपुस्तकांच्या चित्रांवर पोट भरण्याचा सरळ मार्ग जवळजवळ नव्हताच, असे दिसते. जो तो आपापली आडवाट काढत गेला.

पहिली वाट स्वतः मालक होण्याची. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हा अंक सुरू केला. चित्रकाराने संपादक-प्रकाशक व्हावे, यात त्यांची कल्पकता तर होतीच. पण त्यात एक आर्थिक सत्यही दडले आहे. दुसऱ्याच्या पानावर चित्र काढणाऱ्याला स्वातंत्र्य नसते. ते हवे असेल तर पानच आपले असावे लागते. ज्याच्याकडे भांडवल उभे करण्याची धमक आहे त्याने हे करावे; इतरांनी काय करावे?

दुसरी वाट दुसरी नोकरी करण्याची. वसंत सरवटे (१९२७-२०१६) हे स्थापत्य अभियंता होते आणि एका सिमेंट कंपनीत नोकरी करीत त्यांनी आपली रेषा सांभाळली. मराठी साहित्याला त्यांनी जे दिले ते मोलाचे आहे. परंतु सरवट्यांसारख्या माणसालाही दिवस सिमेंटला आणि उरलेला वेळ चित्राला द्यावा लागला, याचा अर्थ समाजाने त्या चित्राचा खर्च उचलला नाही, तो सिमेंटने उचलला. आजही अनेक चित्रकार शाळेत कलाशिक्षक आहेत, जाहिरातीच्या कचेरीत आहेत, किंवा लग्नपत्रिका आणि दुकानांचे फलक करून बालपुस्तकाची हौस भागवतात.

तिसरी वाट पगाराची. 'चांदोबा' आठवत नाही असा चाळिशीपुढचा मराठी वाचक विरळा. १९४७ च्या जुलैत बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासेत सुरू केलेले हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागले. तेथे चित्रकार पगारी नोकर होते. खांद्यावर वेताळ आणि हाती तलवार घेऊन निघालेला विक्रम आपल्या मनात कायमचा कोरला तो के. सी. शिवशंकर ऊर्फ 'शंकर' यांनी. १९२४ साली जन्मलेल्या या गृहस्थाने सुमारे साठ वर्षे त्या मासिकासाठी चित्रे काढली. चित्राच्या कोपऱ्यात सही असे, दरमहा पगार असे, आणि त्यामुळे माणूस आयुष्यभर एकच काम निष्ठेने करू शकला. पगारी नोकरीची ही प्रतिष्ठा आपण कमी लेखू नये. तथापि तिची दुसरी बाजूही आहे. पुढे २००७ साली मासिकाची मालकी मुंबईच्या एका कंपनीकडे गेली आणि २०१३ च्या सुमारास ते बंद पडले. मासिक गेले, चित्रे मात्र कंपनीची राहिली, कारण नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक कायद्याने मालकच असतो. शंकर २०२० च्या सप्टेंबरात वारले. त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली ती २०२१ साली. सन्मान देण्याची आपली वेळ नेहमी अशीच चुकते.

चौथी वाट आजच्या बहुसंख्यांची आहे. ना मालक, ना नोकर. प्रत्येक चित्रामागे ठरेल ते मानधन, आणि 'मानधन' हा शब्दच फसवा. मान दिला की धन कमी दिले तरी चालते, अशी सोय त्यात आहे. आठ चित्रे काढली, चार पुन्हा काढून घेतली, तरी पैसे आठांचेच. पुस्तकाची दुसरी, तिसरी, पाचवी आवृत्ती निघाली तरी चित्रकाराला कळवण्याचीही गरज कोणाला वाटत नाही. मूळ चित्रे परत मिळत नाहीत. ती कपाटात वाळवीच्या स्वाधीन होतात, नाहीतर दुसऱ्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अवतरतात.

येथे कोणी म्हणेल की कायदा आहे. कायदा आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाप्रमाणे निर्माता हा सामान्यतः पहिला मालक. पण त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात अपवाद आहेत : नोकरीत केलेले काम मालकाचे, आणि पैसे देऊन रंगवून घेतलेले चित्रही, उलट करार नसेल तर, रंगवून घेणाऱ्याचे. म्हणजे लेखकाने कागदावर सही केली नाही तर हक्क लेखकाकडे राहतो. रंगचित्रकाराने सही केली नाही तर हक्क हातचा जाण्याचा धोका असतो. एकाच पुस्तकातील दोन सहनिर्मात्यांना कायद्याने अशा दोन वेगळ्या पायऱ्यांवर उभे केले आहे.

मात्र याच कायद्यात चित्रकाराच्या कामाची कलमेही आहेत आणि ती आपल्या कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावीत. हक्काचे हस्तांतर लेखीच असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आणि ५७ वे कलम असे सांगते की हक्क विकला तरी 'हे माझे काम आहे' असे म्हणण्याचा आणि त्याची विटंबना रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. हातखंब्याच्या त्या मुलीने जो प्रश्न विचारला तो या कलमाचाच गाभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार-संगीतकारांना त्यांच्या कृतीच्या पुढील कमाईत वाटा मिळवून दिला, तो सोडून देण्याचा करारही करता येणार नाही अशी तजवीज केली. ते योग्यच झाले. गीतकारांच्या बाजूने संसदेत बोलणारे होते, त्यांच्या संघटना होत्या. बालपुस्तकाच्या चित्रकाराच्या बाजूने कोणी बोलले नाही, कारण तो एकेकटा आपापल्या खोलीत बसलेला आहे. असंघटितांचा कायदा नेहमी दुबळा निघतो, हे आपल्याला नव्याने शिकायला नको.

प्रकाशकांची बाजूही ऐकली पाहिजे. मराठी बालपुस्तकाची आवृत्ती लहान, रंगीत छपाई महाग, विक्री मंद, आणि किंमत वाढवली तर गरीब मुलाच्या हातून पुस्तक सुटणार. हे सारे खरे आहे आणि लहान प्रकाशक हा काही गिरणीमालक नव्हे. परंतु मग असे विचारावेसे वाटते की ही तंगी कागदवाल्याला का सांगितली जात नाही? छापखाना, बांधणीवाला, वाहतूकदार हे सारे आपला दर वसूल करतात. 'मुलांसाठी आहे, थोडे समजून घ्या,' हे वाक्य नेमके चित्रकारालाच ऐकावे लागते. ज्याच्या हातात काम अडवण्याची शक्ती नाही त्याच्याकडूनच त्याग मागितला जातो. शिवाय नाव छापण्याला एक पैसाही पडत नाही. एका पानाचा लेखी करार करायला फार तर अर्धा तास लागतो. मूळ चित्र परत करायला टपालखर्च पुरतो. या तीन गोष्टी न करण्याला गरिबीचे कारण देता येणार नाही.

हे शक्य आहे, याची उदाहरणे समोर आहेत. बालभारती पाठ्यपुस्तकांचे सर्व हक्क आपल्याकडे ठेवते, पण चित्रकाराचे नाव छापते. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे व्यासपीठ सुरू केले. तेथील पुस्तके कोणीही फुकट वाचावीत, भाषांतरित करावीत. अट एकच, लेखक आणि चित्रकार यांची नावे दिलीच पाहिजेत. पुस्तक सर्वांचे, पण श्रेय ज्याचे त्याचे, हे सूत्र आपल्या विचाराला जवळचे आहे. आणखी मागे गेल्यास सोव्हिएत रशियातून येणारी मराठी बालपुस्तके आठवतात. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात ती नाममात्र किमतीला मिळत. मॉस्कोच्या राजवटीशी आपले मतभेद तीव्र होते आणि ते योग्यच होते; पण त्या पुस्तकांत चित्रकाराचे नाव लेखकाच्या बरोबरीने छापलेले असे, हे मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक नेले की लेखकाबरोबर चित्रकारालाही सरकारी निधीतून अल्पसा मोबदला मिळतो. डेन्मार्कने असा हक्क १९४६ सालीच मान्य केला. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, ग्रंथालयांना अनुदान आहे, पण असा विचारही आपल्याकडे झालेला नाही.

आता या सगळ्यावर नवे संकट आले आहे. शब्द टंकित केले की क्षणात चित्र काढून देणारी यंत्रे निघाली आहेत. ही यंत्रे हजारो चित्रकारांची चित्रे चाळून तयार झाली. त्या चित्रकारांना कोणी विचारले नाही, कोणी दमडी दिली नाही. यंत्राला विरोध ही आपली भूमिका कधीच नव्हती. यंत्र कोणाच्या श्रमावर उभे आहे आणि त्याचा लाभ कोणाला, हा आपला प्रश्न होता आणि आहे. अशा यंत्राने काढलेले 'कोकणातील भातलावणी'चे एक चित्र मला कोणी दाखवले. आवणात उभ्या बायांच्या अंगावर कोरडी झगझगीत लुगडी होती, पाऊस नव्हता, कोणाच्या डोक्यावर इरले नव्हते, आणि दूर डोंगरावर बर्फ असावे तसे काही चमकत होते. आमच्या शाळेतील कोणत्याही पोराने ते पाहून हसू केले असते. पण ज्या मुलाने लावणी पाहिलीच नाही, त्या शहरी मुलाला तेच खरे वाटेल. चित्रकार केवळ हात चालवत नाही. तो चिखलात उभा राहून पाहतो, चिऱ्याचा रंग पावसात कसा गडद होतो हे ध्यानात ठेवतो. त्या पाहण्याचा मोबदला आपण दिला नाही तर पाहणारे उरणार नाहीत.

आणि पाहणारे तयार तरी कोठून होणार? चिपळूणजवळ सावर्डे येथे सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे. कोकणातील मुले तेथे चित्रकला शिकतात ही आनंदाची गोष्ट. पण त्याआधीच्या पायरीवर काय आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलेसाठी अर्धवेळ शिक्षक असावा असे म्हटले. कोकणातल्या वाडीवस्तीच्या शाळांत शंभर मुले आणायची कोठून? म्हणजे जेथे पुस्तके कमी, रंग कमी, तेथेच कलाशिक्षकही नाही. उद्याचा चित्रकार मग फक्त शहरी, सुखवस्तू घरांतून येईल आणि कोकणचा पाऊस पुस्तकातून हळूहळू नाहीसा होईल.

सरकारकडे आणि प्रकाशकांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण आपल्याकडे पाहू. आपल्या चळवळीने पोस्टर केले, पुस्तिका काढल्या, मुलांसाठी कथामालांची पत्रके काढली. त्यांवर चित्रे कोणी काढली? गावातला एखादा कलाशिक्षक, कलाशाळेत शिकणारा एखादा तरुण. "आपलेच काम आहे," असे म्हणून आपण रात्रभर त्याच्याकडून काम करून घेतले आणि सकाळी चहा पाजला. हमालाच्या पाठीवरचे ओझे मोजायला शिकवणाऱ्या, १९६९ च्या माथाडी कायद्याचा अभिमान बाळगणाऱ्या परंपरेतील आपण. पण या तरुणाच्या रात्रीचे मोल आपण केले नाही. त्याचे नावही छापले नाही. या चुकीत मी स्वतः सामील आहे. एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी मी ज्याला तीन वेळा रंग बदलायला लावले, त्या मित्राचे नाव त्या पुस्तिकेवर नाही, माझे आहे.

माथाडीचे उदाहरण येथे आणखी एका कारणाने उपयोगी आहे. हमालाला एक मालक नसतो, रोज वेगळ्या दुकानात माल उतरवतो, म्हणून त्याला कामगार मानता येणार नाही, असे व्यापारी म्हणत. तरीही मंडळ स्थापन झाले, मजुरीबरोबर लेव्ही भरणे बंधनकारक झाले, आणि अनेक मालकांच्या कामावर जगणाऱ्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला. चित्रकाराला एक मालक नाही ही सबब म्हणूनच टिकणारी नाही. शासन आणि जिल्हा परिषदा शाळांसाठी बालपुस्तकांची मोठी खरेदी करतात. चित्रकाराचे नाव छापलेले आहे, लेखी करार आहे, पुढील आवृत्तीत त्याचा वाटा ठेवलेला आहे, अशाच पुस्तकांची खरेदी होईल, एवढी एक अट खरेदीच्या नियमांत घातली तर प्रकाशनव्यवसायाची रीत पाच वर्षांत बदलेल. या खरेदीतून अल्पसा हिस्सा बाजूला काढून चित्रकारांच्या आजारपणासाठी आणि म्हातारपणासाठी निधी उभा करता येईल. ही मागणी अवास्तव नाही. ती विधिमंडळात मांडण्यासारखी आहे, आणि जिल्हा परिषदेच्या सभेतही.

पण कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ज्या कार्यकर्त्यांच्या हाती एखादे वाचनालय, एखादी पुस्तकपेटी, एखादा वार्षिक अंक आहे, त्यांनी तीन गोष्टी आजपासून कराव्यात. आपल्या प्रत्येक छापील कामात चित्रकाराचे नाव लेखकाच्या नावाच्याच आकारात छापावे. काम सांगतानाच मोबदला लिहून द्यावा. देण्यासारखे खरोखरच नसेल तर तसे स्पष्ट लिहून त्याला नकार देण्याची मोकळीक ठेवावी. आणि पेटीसाठी पुस्तके घेताना चित्रकाराचे नाव नसेल तर दुकानदाराला आणि प्रकाशकाला ते विचारावे, पोस्टकार्ड टाकून विचारावे, पुन्हा पुन्हा विचारावे.

मी ते पोस्टकार्ड टाकले. महिन्याने उत्तर आले. चित्रकार बाई आहेत, कोकणातल्याच आहेत. त्यांचे नाव मी एका चिठ्ठीवर लिहून त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, लेखकाच्या नावाखाली, चिकटवले आणि पुस्तक शाळेत परत नेऊन दिले. मुलीने ते नाव मोठ्याने वाचले, दोनदा वाचले, आणि विचारले, "ह्या आमच्या शाळंत येतील?"

त्याचेही उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे. बोलवायचे, तर प्रवासखर्च आणि दिवसाची मजुरी देऊन बोलवायचे.